अदोमच्या राजाची हाडे आणि राष्ट्रांचा न्याय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पश्चिम आशियातील युद्धाविषयी आपल्या वाचकांच्या पत्रांच्या सदरात अलीकडे जो वाद रंगला, त्यात परस्परांच्या विरुद्ध उभ्या असलेल्या दोन पत्रलेखकांनी एकाच ग्रंथाकडे, बायबलकडे, बोट दाखवले आहे. एकाचे म्हणणे असे की, इस्राएलच्या शेजाऱ्यांचा नाश इब्री संदेष्ट्यांनी अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वीच जाहीर केला होता, आमोस या संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात गज्जाचे, म्हणजे गाझाचे, नाव आहे, आणि आज तेथे जे घडते आहे ती त्या वचनाची पूर्ती आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे की, हा सगळा ग्रंथ एका टोळीच्या सूडबुद्धीच्या देवाचा आहे. आपले ते सारे क्षम्य आणि परके ते सारे वध्य, यापलीकडे त्यात काही नाही. दोघांच्याही मनातली तळमळ मला समजते, पण ज्या उताऱ्यांवर त्यांनी भिस्त ठेवली ते दोघांनीही शेवटपर्यंत वाचलेले दिसत नाहीत. मराठी बायबल रोज संध्याकाळी मोठ्याने वाचले जाई अशा घरात मी वाढलो आणि पुढे हाच विषय शिकवत आलो. संदेष्ट्यांनी जे कधीच म्हटले नाही ते त्यांच्या नावावर खपवले जात असताना गप्प बसणे मला जमणार नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते थोडे लांबले आहे. विषयाचा मान राखून आपण ते छापाल अशी आशा आहे.

आमोसपासूनच सुरुवात करतो, कारण राष्ट्रांच्या न्यायाची भाषा ज्यांच्या नावाने ग्रंथ उरले त्या संदेष्ट्यांमध्ये बहुधा त्यानेच प्रथम वापरली. हा मनुष्य यरुशलेमच्या दक्षिणेकडील तकोवा गावचा, मेंढरे राखणारा आणि उंबराच्या जातीच्या झाडांची निगा करणारा. इसवी सनपूर्व आठव्या शतकाच्या मध्याला, यराबाम दुसरा हा उत्तरेकडील इस्राएल राज्यावर राज्य करीत असताना, तो आपले यहूदा राज्य सोडून उत्तरेत गेला. तो काळ इस्राएलच्या भरभराटीचा होता: सीमा वाढल्या होत्या, व्यापार तेजीत होता, श्रीमंतांची उन्हाळ्याची घरे वेगळी आणि हिवाळ्याची वेगळी होती. हस्तिदंताने मढवलेल्या ज्या पलंगांचा आमोस संतापाने उल्लेख करतो, तशा सजावटीचे हस्तिदंती कोरीव तुकडे राजधानी शोमरोनच्या उत्खननात पुढे प्रत्यक्ष सापडले आहेत.

अशा सुखवस्तू श्रोत्यांपुढे आमोस शेजारच्या राष्ट्रांचे आरोपपत्र वाचू लागतो. दिमिष्काने, म्हणजे दमास्कसने, यार्देन नदीच्या पूर्वेकडील गिलादाच्या लोकांना लोखंडी दाते बसवलेल्या मळणीच्या फळ्यांखाली तुडवले. गज्जाने वस्त्यांच्या वस्त्या उचलून गुलाम म्हणून मृत समुद्राच्या दक्षिणेकडील अदोम राज्याला विकल्या. सोर या बंदराच्या शहरानेही तोच धंदा केला, आणि तोही बंधुत्वाचा करार विसरून. अदोमने आपल्याच भावावर, म्हणजे इस्राएलवर, तलवार उपसली आणि मनात राग कायम धुमसत ठेवला. अम्मोन्यांनी आपली हद्द वाढवायची म्हणून गिलादातील गरोदर स्त्रियांची पोटे फाडली. प्रत्येक आरोपाचा साचा एकच आहे: तीन अपराधांसाठी, नव्हे चारांसाठी, मी शिक्षा मागे घेणार नाही. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. यांपैकी कोणत्याही राष्ट्रावर, तुम्ही आमच्या देवाची उपासना केली नाही, तुमच्या मूर्ती खोट्या आहेत, असा आरोप ठेवलेला नाही. आरोप आहेत ते गुलामांच्या व्यापाराचे, कराराच्या भंगाचे, युद्धात निःशस्त्रांवर केलेल्या क्रौर्याचे. ज्या माणसाने नियमशास्त्र देणाऱ्या मोशेचे नावही ऐकलेले नाही, त्यालाही कळायला हवे होते की हे करायचे नसते, अशा प्रकारचे. गज्जाचे नाव या यादीत आहे हे खरे, पण ते माणसे पकडून विकल्याच्या गुन्ह्याखाली आहे. तो पत्रलेखक गावाचे नाव उचलतो आणि गुन्हा गाळतो. शिवाय ते पलिष्टी नावाच्या प्राचीन लोकांचे नगर होते, आणि आज त्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसांचा त्या आरोपाशी कसलाही संबंध जोडता येत नाही.

आणि मग येतो मवाब. मृत समुद्राच्या पूर्वेचे हे राज्य, इस्राएलचे जुने वैरी. त्याच्यावर आरोप काय? त्याने अदोमच्या राजाची हाडे जाळून त्यांचा चुना केला. हे वाक्य कितीही वेळा वाचले तरी मी दर वेळी थबकतो. अदोम म्हणजे तेच राष्ट्र, ज्याच्यावर दोनच परिच्छेदांपूर्वी शिक्षा जाहीर झाली आहे. जाळली गेलेली हाडे इस्राएलच्या कोणाची नव्हेत. एका परक्या, शत्रू राष्ट्राच्या मेलेल्या राजाची आहेत. त्या अपमानाने इस्राएलचे काडीचेही नुकसान झालेले नाही, उलट एका वैऱ्याने दुसऱ्या वैऱ्याची विटंबना केली म्हणून एखाद्याने समाधान मानले असते. तरीही इस्राएलचा देव त्या हाडांचा हिशेब मागतो. टोळीच्या देवाला दुसऱ्या टोळीच्या राजाच्या प्रेताशी काय कर्तव्य, या प्रश्नाचे उत्तर आपल्या दुसऱ्या पत्रलेखकाने द्यावे, अशी माझी त्यांना नम्र विनंती आहे.

आतापर्यंत श्रोत्यांनी माना डोलावल्या असतील. ईशान्य, नैर्ऋत्य, वायव्य, आग्नेय अशा चारी दिशांनी शेजारी एकामागून एक दोषी ठरत गेले; मग यहूदाचे, म्हणजे खुद्द आमोसच्या राज्याचे नाव आले. आणि त्याच साच्यात, त्याच शब्दांत, तीन अपराधांसाठी, नव्हे चारांसाठी, असे म्हणत तो समोर बसलेल्यांकडे वळला. इस्राएलवरचे आरोपपत्र सगळ्यांत लांब आहे, आणि त्यातले गुन्हे युद्धातले नाहीत, बाजारातले आणि कचेरीतले आहेत. निरपराध्याला रुप्यासाठी विकले, गरजवंताला एका जोड्याच्या किमतीला विकले. दीनांची डोकी धुळीत तुडवली. बाप आणि मुलगा एकाच मुलीकडे जातात. गहाण घेतलेल्या पांघरुणांवर वेदीशेजारी पाय पसरून बसतात.

या गहाण पांघरुणाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. निर्गमाच्या ग्रंथात एक साधा कायदा आहे: शेजाऱ्याचे वस्त्र गहाण घेतलेत तर सूर्य मावळायच्या आत परत करा, कारण त्याच्याजवळ अंगावर घ्यायला तेवढेच आहे, तो दुसरे काय पांघरून निजेल? १९६० मध्ये, भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यालगतच्या एका लहानशा किल्ल्याच्या अवशेषांत, शाईने लिहिलेले एक खापर सापडले. ते आमोसच्या नंतर शतकाहून अधिक काळ गेल्यावरचे, इसवी सनपूर्व सातव्या शतकाच्या अखेरीचे आहे. त्यावर एका शेतमजुराने अधिकाऱ्याकडे केलेला अर्ज आहे. आपण कापणी केली, माप भरून धान्य कोठारात टाकले, तरी होशायाहू नावाच्या मुकादमाने आपले वस्त्र काढून नेले; आपल्याबरोबर उन्हात कापणी करणारे सोबती साक्ष देतील; आपण निर्दोष आहोत, आपले वस्त्र परत मिळावे. त्या मजुराला पुढे न्याय मिळाला की नाही हे खापर सांगत नाही. पण दिमिष्काच्या मळणीच्या फळ्या आणि गहाणाचे एक पांघरूण आमोसने एकाच ओळीत, एकाच मापाने मोजले, हे लक्षात ठेवून ते खापर वाचले पाहिजे. परराष्ट्राचे क्रौर्य आणि स्वराष्ट्रातील सावकारी यांना त्याने दोन वेगळी दालने दिली नाहीत.

“पृथ्वीवरील सर्व कुळांपैकी मी फक्त तुम्हांलाच ओळखले”, असे देवाचे वचन आमोस तिसऱ्या अध्यायात सांगतो. येथे श्रोत्याची अपेक्षा असणार की पुढे संरक्षणाचे आश्वासन येईल. पुढचे वाक्य आहे: “म्हणूनच मी तुमच्या सर्व अपराधांची झडती घेईन.” आणि शेवटच्या अध्यायात तर तो निवडलेपणाचा कणाच मोडतो. तुम्ही मला मिसरच्या दक्षिणेकडील कूशी लोकांसारखेच नाही का? मी इस्राएलला मिसरातून (इजिप्तमधून) आणले, तसेच पलिष्ट्यांना कफतोरातून आणि अरामी लोकांना कीरातून आणले नाही का? म्हणजे ज्या पलिष्ट्यांच्या गज्जाला पहिल्या अध्यायात शिक्षा आहे, त्यांचाही एक निर्गम आहे, आणि तो घडवणाराही हाच देव आहे. या ओळीशेजारी आपल्या पहिल्या पत्रलेखकाचा दावा ठेवून पाहावा.

बेथेलच्या राजमंदिराचा याजक अमस्या याला हे सहन झाले नाही. त्याने राजाला निरोप धाडला की या माणसाचे शब्द देशाला झेपणार नाहीत, आणि आमोसला सांगितले की यहूदात पळून जा, तेथे भाकर मिळव आणि तेथे बोल. हे राजाचे पवित्रस्थान आहे, राज्याचे मंदिर आहे. त्या एका वाक्यात सत्तेच्या आश्रयाला असलेल्या धर्माची सारी भूमिका आली आहे. संदेष्टे खरे कोणाच्या विरोधात बोलत होते आणि त्यांना गावाबाहेर कोण काढत होते, हे त्यावरून स्पष्ट व्हावे.

काही वाचक म्हणतील की देव रागावला म्हणून देश बुडाला, ही कल्पना त्या काळी सर्वत्रच होती. होती, आणि तिचा पुरावा याच मवाबातून आला आहे. १८६८ मध्ये धीबान येथे एक काळी शिळा आढळली. ती आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. मवाबाचा राजा मेशा याने इसवी सनपूर्व नवव्या शतकात ती कोरवून घेतली. इस्राएलच्या राजाने मवाबाला पुष्कळ दिवस गांजले, याचे कारण तो देतो की कमोश हा आमचा देव आपल्या भूमीवर रागावला होता. कमोश का रागावला, ते मेशा सांगत नाही. पुढे कमोशाची मर्जी फिरली, मेशाने नबो हे गाव घेतले, तेथील सात हजार माणसे मारली, आणि हे सर्व तो अभिमानाने नोंदवतो. इस्राएलच्या जुन्या युद्धकथांतही, विशेषतः यहोशवाच्या ग्रंथात, अशा सुराची वर्णने आहेत हे मी नाकारत नाही आणि त्यांची सफाईही देत नाही. माझा मुद्दा संदेष्ट्यांपुरता आहे. त्यांनी देवाच्या रागाला कारण जोडले, ते कारण दुर्बळांशी केलेल्या वर्तनात शोधले, आणि ते कारण सर्वांना लागू केले. मेशाच्या शिळेत गावकऱ्यांची कत्तल ही भक्ती आहे. आमोसच्या आरोपपत्रात ती गुन्हा आहे, करणारा कोणीही असो.

आमोसच्या वेळी अश्शूरचे, म्हणजे असिरियाचे, साम्राज्य अजून दारात आले नव्हते. त्यानंतरच्या पिढीत ते आले. इसवी सनपूर्व ७२२ च्या सुमारास शोमरोन पडले आणि उत्तरेकडील राज्य संपले. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदात उतरला. त्याच्या स्वतःच्या कोरीव वृत्तांतात सेहेचाळीस तटबंदीची शहरे घेतल्याचा आणि हिज्कीया राजाला यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पाखरासारखे कोंडल्याचा उल्लेख आहे. लाखीश हे त्या शहरांपैकी एक. त्याच्या पाडावाचे शिल्पपट सन्हेरीबने निनवे या आपल्या राजधानीतील राजवाड्यात एका दालनाच्या भिंतींवर बसवले होते, ते आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत तटाला लावलेल्या उतारावरून चढणारी यंत्रे आहेत, वरून फेकले जाणारे पलिते आहेत. खाली सुळावर चढवलेली माणसे आहेत, जमिनीवर ताणून ज्यांची कातडी सोलली जात आहे अशी माणसे आहेत. आणि या सगळ्याच्या बाजूने, बैलगाडीवर गाठोडी आणि लेकरे चढवून, बायाबापड्या रांगेने गाव सोडून चालल्या आहेत. पुढे सिंहासनावर बसून राजा ही लूट पाहतो आहे. विजेत्याने स्वतःच्या दिवाणखान्यासाठी करवून घेतलेले हे काम आहे, यात त्याला लपवण्यासारखे काही वाटले नव्हते.

यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथाचा दहावा अध्याय या साम्राज्याविषयी आहे. अश्शूर म्हणजे माझ्या क्रोधाची काठी, असे त्यात देव म्हणतो. यहूदाला शिक्षा करण्यासाठी मी त्याला पाठवले. पण अश्शूरच्या मनात तसे काही नाही. त्याच्या मनात फक्त नाश आहे, पुष्कळ राष्ट्रे पुसून टाकायची आहेत. तो म्हणतो, हे सगळे मी माझ्या बाहुबळाने आणि माझ्या शहाणपणाने केले. टाकून दिलेली अंडी घरट्यातून उचलावीत तशी मी सारी पृथ्वी गोळा केली, आणि एकानेही पंख हलवला नाही, चोच उघडली नाही की चिवचिव केली नाही. जिंकलेल्यांच्या मुकेपणाचा तो गर्व आहे. त्यावर संदेष्टा विचारतो: कुऱ्हाड तिने तोडणाऱ्यापुढे बढाई मारील काय? या प्रकरणातील विचार किती बिकट आहे ते पाहावे. ज्याला देवाने साधन केले, त्यालाच त्या कामातील क्रौर्याबद्दल शिक्षा. इतिहासात मी देवाचे काम करतो आहे, असे म्हणणाऱ्या कोणत्याही सेनापतीला या अध्यायानंतर सुटका उरत नाही, कारण काम देवाचे मानले तरी हातांचा हिशेब हातांच्याच नावावर राहतो. माझ्या मते, संदेष्ट्यांनी साम्राज्यांविषयी सांगितलेली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे.

नहूमाचा ग्रंथ मात्र वाचताना जड जातो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. निनवेचा पाडाव इसवी सनपूर्व ६१२ मध्ये बाबेल (बॅबिलोन) आणि मेदी यांच्या सैन्यांनी केला. नहूम त्या पाडावाचे गीत गातो. रक्तपाती नगराला धिक्कार असो, चाबकांचा आवाज, चाकांचा खडखडाट, प्रेतांचे ढीग, प्रेतांना अडखळणारी माणसे; आणि निनवेला स्त्री कल्पून तिची जी विटंबना त्यात वर्णिली आहे, ती मला आजही बोचते. त्या प्रतिमांचे समर्थन मी करणार नाही. परंतु शेवटची ओळ वाचून मगच या ग्रंथावर शिक्का मारावा: तुझी बातमी ऐकणारे सगळे तुझ्यावर टाळ्या वाजवतात, कारण तुझ्या अखंड दुष्टाईचा फटका कोणाला बसला नाही? हे गीत लाखीशच्या बैलगाडीतून गेलेल्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या तोंडचे आहे. निनवेवर चाल करून जाण्याइतके सैन्य यहूदाकडे नव्हते, तो वर्षानुवर्षे खंडणी भरणारा मांडलिक होता. चिरडलेल्या माणसाने न्यायासाठी फोडलेला टाहो आणि चिरडणाऱ्याने चढाईपूर्वी म्हटलेला मंत्र यांचे शब्द एकच असू शकतात, पण ते एकच कृत्य नव्हे. ज्या राष्ट्राकडे विमाने, रणगाडे आणि क्षेपणास्त्रे आहेत, मग ते कोणत्याही धर्माचे असो, त्याने नहूमाचे शब्द उचलले की ते नहूमाच्या जागी नसते, निनवेच्या जागी असते.

हबक्कूक या संदेष्ट्याने हाच पेच देवापुढेच मांडला. हे प्रभो, मी किती काळ आरोळी मारू, असे विचारत तो आपल्याच समाजातील अन्यायाची तक्रार करतो. उत्तर मिळते की शिक्षेसाठी खास्दी, म्हणजे बाबेलचे लोक, येत आहेत. यावर तो गप्प बसत नाही. दुष्ट आपल्याहून कमी दुष्टाला गिळतो तेव्हा तू का पाहत राहतोस? तो माणसांना समुद्रातल्या माशांप्रमाणे गळाने आणि जाळ्याने ओढतो, आणि मग त्या जाळ्यालाच धूप दाखवतो, कारण त्याचे ताट त्या जाळ्याने भरते. शस्त्रांच्या पूजेचे इतके नेमके वर्णन मी दुसरीकडे वाचलेले नाही. पुढे बाबेलवर पाच धिक्कार येतात. जे आपले नाही ते साठवणाऱ्याला. घरासाठी पापाची कमाई करणाऱ्याला, ज्याच्या भिंतीतला दगडच ओरडेल. रक्ताने नगर बांधणाऱ्याला. त्यात लबानोनच्या अरण्यावर आणि तेथील पशूंवर केलेल्या जुलमाचाही हिशेब आहे. साम्राज्यांनी देवदाराची वने तोडून राजवाडे उभारले, त्या झाडांची नोंदही आरोपपत्रात झाली.

यरुशलेम इसवी सनपूर्व ५८७ च्या सुमारास बाबेलच्या नबुखद्नेस्सराने जाळले. या काळाचा साक्षीदार संदेष्टा यिर्मया. त्याच्या पंचविसाव्या अध्यायात राष्ट्रांना क्रोधाचा प्याला पाजण्याचे दृश्य आहे, आणि प्याला प्रथम कोणाच्या हाती दिला जातो? यरुशलेमच्या. माझे नाव ज्या नगराला दिले तेथूनच मी अरिष्टाला आरंभ करतो, मग तुम्ही सुटाल काय, असे इतर राष्ट्रांना विचारले जाते. बाबेलविरुद्धचे त्याचे लांबलचक भाकीत त्याने एका पुस्तकात लिहून सराया नावाच्या अधिकाऱ्याबरोबर बाबेलला पाठवले आणि सांगितले की तेथे ते मोठ्याने वाच, वाचून झाले की त्याला दगड बांध आणि फरात नदीत टाक. त्याच यिर्मयाने बाबेलला नेलेल्या बंदिवानांना मात्र पत्र लिहिले की घरे बांधा, बागा लावा, लेकरांची लग्ने करा, आणि ज्या नगरात मी तुम्हांला पाठवले त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा. जुलमी सत्तेचा शेवट अटळ आहे हे मानणे आणि त्या सत्तेखालच्या नगरातील माणसांचे भले चिंतणे, या दोन गोष्टी एकाच माणसाच्या हातून, एकाच शाईने लिहिल्या गेल्या. यशयाच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायातही बाबेलवरचा आरोप असाच नेमका आहे: मी माझे लोक तुझ्या हाती दिले, पण तू त्यांच्यावर दया केली नाहीस, म्हाताऱ्यांवरही तू फार जड जू लादलेस.

भाकितांच्या पूर्तीच्या दाव्याविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. यहेज्केलाने सव्विसाव्या अध्यायात सांगितले की नबुखद्नेस्सर सोर नगर उद्ध्वस्त करील. वेढा वर्षानुवर्षे चालला, पण बेटावरचे सोर तसे पडले नाही. आणि हे लपवण्याचा प्रयत्न त्या ग्रंथात नाही. एकोणतिसाव्या अध्यायात तोच संदेष्टा लिहितो की बाबेलच्या सैनिकांची डोकी टक्कल पडेपर्यंत आणि खांदे सोलवटेपर्यंत कष्ट झाले, तरी सोरातून त्यांना काही मजुरी मिळाली नाही. बाबेलचेही तसेच. यिर्मयाच्या शब्दांतील भीषण विध्वंस इसवी सनपूर्व ५३९ मध्ये झाला नाही. पारसाच्या, म्हणजे इराणच्या, कोरेश (सायरस) राजाने ते शहर फारशी मोडतोड न करता ताब्यात घेतले, त्याचा ऱ्हास पुढे शतकानुशतके होत गेला. ज्यांनी हे ग्रंथ जपले त्यांनी हे न जुळणारे तपशील तसेच राहू दिले, कारण ते त्यांच्याकडे पंचांग म्हणून पाहत नव्हते. योनाच्या ग्रंथात तर चाळीस दिवसांत निनवे नष्ट होईल हे भाकीत स्पष्ट शब्दांत आहे, आणि ते मुद्दाम फसते: निनवेकर गोणपाट नेसतात, हातांतील जुलूम टाकून देतात, आणि देव माघार घेतो. यिर्मयाने अठराव्या अध्यायात हा नियमच सांगितला आहे, की ज्या राष्ट्राविषयी मी नाशाची गोष्ट बोललो ते वाईटापासून वळले तर मीही वळेन. न्यायाची घोषणा ही वळण्यासाठी दिलेली मुदत आहे असे ज्या परंपरेने मानले, तिच्या नावाने एखाद्या शहराचा मृत्युलेख आधीच लिहून ठेवणे हा त्या परंपरेवर अन्याय आहे.

योनाचा ग्रंथ ज्यू लोक योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी दुपारच्या प्रार्थनेत वाचतात. आपल्या कोकणातील बेने इस्राएल समाजही ही प्रथा पाळतो. एके काळी हा दिवस ते दारे लावून घरात उपास करून पाळत असत. वर्षातील सर्वांत पवित्र दिवशी, आपल्या पूर्वजांची कातडी सोलणाऱ्या साम्राज्याची राजधानी कशी वाचली, याची गोष्ट तो समाज वाचतो. आणि वाचतो तो देवाचा शेवटचा प्रश्न: ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आणि शिवाय पुष्कळ गुरेढोरे ज्या निनवेत आहेत, तिची मला कीव येऊ नये काय? सूडबुद्धीच्या देवाचा आरोप करणाऱ्यांनी हा प्रश्नही त्याच ग्रंथात आहे हे विसरू नये.

मराठी वाचकाला हे सर्व मूळ उताऱ्यांत तपासणे अवघड नाही. पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची अखेरची वर्षे घालवून संपूर्ण बायबल इब्री आणि ग्रीक मुळांवरून सोप्या मराठीत आणले. त्या १९२२ मध्ये वारल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधीची आणि नंतरची भाषांतरेही सहज मिळतात. या वादात पुढे ज्यांना पत्रे लिहायची असतील, त्यांना आपल्यामार्फत माझी एवढीच सूचना आहे की, आमोसचा पहिला अध्याय उद्धृत केला तर दुसराही करावा. नहूम घेतला तर योना घ्यावा. मवाबावरची शिक्षा घेतली तर यशयाचे पंधरावे आणि सोळावे अध्याय उघडावेत. तेथे शिक्षा सांगणारा संदेष्टा म्हणतो की माझे हृदय मवाबासाठी आक्रोश करते, आणि त्याच्या वाळलेल्या द्राक्षमळ्यांसाठी रडतो. मिसर आणि अश्शूर यांच्याविषयी लिहायचे असेल तर एकोणिसाव्या अध्यायाचा शेवट वगळू नये: त्या दिवशी मिसरापासून अश्शूरापर्यंत राजमार्ग होईल, आणि माझे लोक मिसर, माझ्या हातची कृती अश्शूर आणि माझे वतन इस्राएल, ही तिन्ही आशीर्वादित असोत, असे देव म्हणेल. इस्राएल या यादीत तिसरा आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे